दाराजवळची खुर्ची

आमच्या घरातली सगळ्यात लाडकी खोली कुठली म्हणाल, तर गाणी ऐकायची. तिथे ऊन येत नाही, वारा येत नाही, मोबाइल नेलेला चालत नाही आणि खायचं तर नावच काढायचं नाही. आधी ती माझ्या मुलीची खोली होती. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तिचं कपाट रिकामं झालं, आणि तिचा पलंग बाहेर निघतो न निघतो तोच माझा नवरा तिथे उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

टाळ्या म्हणजे खरंच टाळ्या. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवायची आणि मान वाकडी करून ऐकत राहायचं. मोकळ्या खोलीत टाळीच्या मागून एक बारीक 'टर्रर्र' येतं, कारण आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटत राहतो. ते 'टर्रर्र' त्याला घालवायचं होतं. शेजारच्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडे रोज संध्याकाळी काही कार्यक्रम असतो का हो?" मी म्हटलं, "असतो ना. प्रेक्षक एकच आहे, टाळ्याही तोच वाजवतो."

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर मोटारींच्या घरघरीत आणि दारांच्या खडखडाटात असतो. त्याला एक शांत खोली हवी होती हे मला पटलं होतं. पटलं नसतं तरी खोली झालीच असती, ती गोष्ट वेगळी.

पण या खोलीवर त्याच्याइतकाच जीव लावला तो बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. बाबांनी उभा जन्म बस चालवली. निवृत्त झाल्यापासून ते हॉलमधल्या त्यांच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांच्या चुका काढत असत. बापलेकांत भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. 'जेवलास का' आणि 'औषध घेतलंत का' एवढ्यावर त्यांची वर्षं निघाली होती. आणि मग हे खोलीचं काम निघालं. त्यातली बरीच कामं एकट्याला करता येत नाहीत.

पहिलं काम आरशाचं. आपण जिथे बसून ऐकणार, तिथे एकाने बसायचं. दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. बसलेल्याला आरशात स्पीकर दिसला की त्या जागी खूण करायची, कारण स्पीकरचा आवाज नेमका तिथे आपटून आपल्या कानावर येतो. तिथे जाड पॅनेल लावलं की आवाज परत फिरत नाही. नवरा बसला आणि बाबा माझ्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढून भिंतीला टेकवून उभे राहिले.

"हं, पुढे. अजून पुढे. बाबा, थोडं मागे."

"अरे, आरशात बघून गाडी मागे घेण्यात माझं आयुष्य गेलं. तू नुसता 'बस' म्हण."

डावीकडची खूण भिंतीवर आली. उजवीकडची आली थेट दारावर. आता दारावर पॅनेल कसं ठोकायचं? दार आतल्या बाजूने भिंतीलगत उघडतं, त्याला तेवढी जागाच नाही. नवरा दोन दिवस खट्टू होता. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर सगळं मुसळ केरात, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

तरी काम पुढे चालू राहिलं. लाकडाच्या चौकटी, त्यांत आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे जाड थर, वरून कापड. त्या लोकरीने अंगाला अशी खाज सुटते की बापलेक एकमेकांची पाठ खाजवत पॅसेजमध्ये उभे असायचे. मी इतकी हसले आहे त्यांना बघून. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत गठ्ठे रचले, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं, खाली जाड गालिचा आला. बाबा जेवताना 'आपली खोली' म्हणू लागले. "आपल्या खोलीत आता घुमत नाही हां." नवरा वरण कालवत "हं" म्हणायचा. त्याने कधी दुरुस्त केलं नाही त्यांना, आणि मीही नाही.

मग मोजमाप. ऐकायच्या जागी स्टँडवर एक माइक उभा करायचा. स्पीकरमधून एक सूर निघतो, अगदी खालून सुरू होऊन वर शिट्टीपर्यंत जातो. माइक तो ऐकतो आणि लॅपटॉपवर डोंगर-दऱ्यांची एक रेषा उमटते. रेषा जितकी सपाट तितकी खोली चांगली. त्या वेळी घरात चिटपाखरू हलता कामा नये. फ्रिज बंद, पंखे बंद, मी बंद. नवरा लॅपटॉप घेऊन बाहेर पॅसेजमध्ये बसायचा, कारण आत माणूस असला की माप बिघडतं. पण प्रत्येक वेळी माइक बोटभर इकडेतिकडे हलवायला आत कुणीतरी हवंच. ते बाबा. दाराशेजारी त्यांनी आपली उंच पाठीची खुर्ची आणून ठेवली होती. दार लोटून घ्यायचं, खुर्ची दाराला टेकवायची आणि श्वास रोखून बसायचं. सूर संपला की उठून माइक सरकवायचा, परत बसायचं.

"अवघडत नाही का हो बाबा?" मी विचारलं होतं.

"बसायचं मला काय शिकवतेस पोरी. बसूनच संसार केला मी."

आणि एक आश्चर्य झालं. दाराची बाजू चांगली निघाली. पॅनेल नसूनही तिथून आवाज परत येतच नव्हता. नवऱ्याने पुन्हा पुन्हा मोजलं, दरवेळी तेच. दार पोकळ आहे, पातळ आहे, म्हणून आवाज खातं, असं त्याने ठरवलं. त्याच्या गाणी ऐकणाऱ्या मित्रमंडळींत हे सांगताना त्याची छाती फुगायची. "नशीब बघा, दारच पॅनेलचं काम करतंय." आत माणूस असला की माप बिघडतं, हे त्यानेच मला सांगितलं होतं. पण बाप माणसात धरायचा असतो हे त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

खोली तयार झाली. नवरा ऐकायला बसला की बाबाही दाराजवळच्या खुर्चीत असायचेच. मग मित्रांना बोलवायचं ठरलं. रविवारी दुपारी तिघं येणार होते. त्यातले एक जुने ध्वनिमुद्रक. त्यांना सगळे कानसेन म्हणतात, आणि ते ज्या खोलीला बरी म्हणतात ती बरी. नवऱ्याने आठवडाभर त्यांचाच जप चालवला होता.

रविवारी सकाळी बाबांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला, जो ते लग्नकार्याला घालतात. आणि जेवण झाल्या झाल्या खोलीत जाऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले. पाहुणे यायला अजून अवकाश होता.

नवरा स्वयंपाकघरात आला. नळ सोडला, हात धुतले, परत धुतले.

"तू जरा बाबांना सांगतेस का?"

"काय सांगू?"

"की आज नको. ते मध्येच बोलतात. 'हा कोण गातोय, हा मेला की आहे' असं विचारतात. खोकतात. कानसेन डोळे मिटून ऐकतात, त्यांना सुई पडलेली चालत नाही."

"मग तू सांग. तुझे वडील आहेत."

"माझ्याकडून वाईट वाटेल त्यांना. तू सांगितलंस तर तसं वाटत नाही."

हे मात्र खरं आहे. मी एका दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. दिवसभर माणसांना 'बसा, बोलावते' म्हणते, आणि माणसं बसतात. नकार देताना तो नकार वाटू नये, हे माझं पोटापाण्याचं कसब आहे. मी हात पुसले, खोलीत गेले आणि त्याच आवाजात म्हणाले, "बाबा, आत गर्दी होईल आता, तुम्ही बाहेर हॉलमध्ये आरामात बसा. मी बोलावते तुम्हाला."

त्यांनी एकदा सोफ्याकडे पाहिलं. सोफा तिघांचा होता, गर्दी कसली? पण ते उठले. "हो हो, त्यांचं होऊ दे आधी," म्हणाले. खुर्ची उचलायला लागले तर नवरा धावत आला आणि खुर्ची स्वतः बाहेर नेली, अगदी आदराने. मला तो आदर बघवला नाही. खिडकीजवळ नेहमीच्या जागी बाबा बसले, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून पाठ न टेकता.

पाहुणे आले. खोली पाहून वा वा झाली. कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांवर हात फिरवून झाले, टाळी वाजवून झाली. टाळी कशी कोरडी आणि नेटकी आली. मग कानसेन सोफ्याच्या मध्यावर बसले, बाकीचे दोघं बाजूला, आणि नवऱ्याने दार लोटून एका बाईंचं संथ गाणं लावलं. मागे एकच तंतुवाद्य होतं. मी चहाचे कप गोळा करायला आत होते ती मागच्या कपाटाशीच थांबले. माझ्यासारखीलाही कळत होतं की छान वाजतंय.

कानसेनांनी डोळे उघडले.

"बाई उजवीकडे सरकल्यात."

नवरा हसला. "म्हणजे?"

"मध्ये उभ्या पाहिजेत. त्या उजवीकडे आहेत, दाराकडे. तुला नाही ऐकू येत?"

नवऱ्याला ऐकू येत होतं. त्याचा चेहराच सांगत होता. त्याने स्पीकर हलवून पाहिले, वायरी काढून परत लावल्या, फीत काढून अंतर मोजलं. बाई हलायला तयार नाहीत. बाकीचे दोघं एकमेकांकडे बघून सोफ्याचे दोरे चिवडायला लागले. कानसेन म्हणाले, "असू दे रे, पहिल्यांदा असं होतंच. बाकी खोली ठीक आहे." 'ठीक' हा शब्द त्याच्या तोंडावर मारल्यासारखा लागला असणार. तो उभ्या उभ्या दाराकडे बघत राहिला. म्हणजे दाराशेजारच्या त्या जागेकडे, जिथे गालिच्यावर खुर्चीच्या पायांचे चार खड्डे तसेच होते.

आणि मग तो बाहेर गेला. मी त्याच्या मागोमाग गेले, कारण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आवडलं नव्हतं.

"बाबा, चला आत," तो म्हणाला. "या. तुमची जागा आहे ना आत."

बाबा इतक्या पटकन उठले की गुडघा कट्कन वाजला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "मी म्हणालो होतो ना, बोलावतील." ते मला असं कधीच म्हणाले नव्हते. स्वतःच्या मनाशीच म्हणाले असतील, तासभर, त्या खिडकीजवळ. नवऱ्याने खुर्ची उचलून आत नेली आणि तिचे पाय बरोबर त्या चार खड्ड्यांत बसवले. एकही पाय इकडचा तिकडे नाही. दार लोटलं.

गाणं परत सुरू झालं आणि कानसेन ताठ झाले. "आल्या! मध्ये आल्या. काय केलंस रे?"

इथे नवरा काहीही म्हणू शकला असता. वायर ढिली होती म्हणाला असता, तर माझ्या घरात आज वेगळी हवा असती. पण तो गप्प राहिला, आणि कानसेन काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती बाबांवर येऊन थांबली.

"काका, जरा उठता का?"

बाबा उठले. नमस्कार करायचा असेल असं त्यांना वाटलं, त्यांनी हातही जोडले.

"खुर्ची जरा बाजूला घ्या. हां. गेल्या उजवीकडे. आता ठेवा आणि बसा. आल्या. परत उठा."

सगळ्यांना कसली गंमत वाटायला लागली. बाबा खुर्ची सरकवून उठले की बाई दाराकडे, बाबा बसले की बाई मध्ये. दुसऱ्या वेळी बाबाही हसले. मीसुद्धा हसले, हे लिहिताना मला हाताने तोंड झाकावंसं वाटतंय. तिसऱ्या वेळी बसताना त्यांनी खुर्चीच्या हाताचा आधार घेतला आणि लेकाकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा प्रवासी चुकीच्या गाडीत बसल्यावर पाटी वाचतो, तसं.

"म्हणजे तू मापं घेतलीस तेव्हा काका इथेच बसलेले होते," कानसेन मांडी थोपटत म्हणाले. "अरे, तुझं उजवीकडचं पॅनेल म्हणजे काका आहेत. दार कसलं आवाज खातंय. काका, आता मात्र हलू नका हां."

"नाही हलत," बाबा म्हणाले.

आणि नाही हलले. दुपारभर गाण्यांमागून गाणी झाली. एकदा त्यांना खोकला आला, तो त्यांनी ओठ आवळून आतल्या आत जिरवला आणि डोळ्यांत पाणी आलं. हा कोण गातोय, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मध्ये कानसेनांनी, माणूस भला आहे तो, आपणहून विचारलं, "काका, तुमच्या आवडीचं काही लावू या?"

"माझं काय," बाबा म्हणाले, "मी दाराच्या जागी बसलोय."

सगळे हसले. बाबांनी तो विनोद म्हणूनच केला होता, बहुतेक. नवरा हसला नाही. तो यंत्राकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे कान मागून लालभडक झालेले मला दिसत होते. माझी मान वर होत नव्हती. दवाखान्यात एखाद्याला विसरून तासन्तास बसवून ठेवलं की असं होतं, पण तिथे निदान मी माफी मागते.

पाहुणे गेले. खोली फार चांगली झाली आहे, असं कानसेन जिन्यात दोनदा म्हणाले. नवऱ्याने वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली होती ते हेच, आणि त्याने ते मान खाली घालून ऐकलं. आम्ही आत आलो तर बाबा अजून खुर्चीतच. यंत्र बंद झालं होतं, दिवे तेवढे चालू होते.

"झालं ना? उठू?" त्यांनी विचारलं.

नवरा 'बाबा' एवढंच म्हणाला. बाबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, उलट त्यालाच धीर द्यावा तसं, आणि जेवायला काय आहे ते मला विचारलं. जेवताना नवऱ्याने घास फक्त इकडचा तिकडे केला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा बाबा स्टुलावर चढलेले होते. खोलीच्या दाराला आतून वरच्या कडेवर दोन आकडे अडकवून त्यांनी त्यांच्या पलंगावरची जाड रजई दुहेरी करून टांगली होती. घडीसुद्धा कशी, दार उघडताना भिंतीला दबेल पण अडणार नाही अशी. मी ओरडले, खाली उतरा म्हटलं. ते उतरले.

"मी काय रोज असणार का तिथे," ते म्हणाले. "त्याला त्याचं त्याचं ऐकता आलं पाहिजे."

नवरा आला तो रजई बघून दारातच थबकला. "हे काढा बाबा. काही गरज नाही याची."

"मोजून तर बघ."

"नको."

"मोज रे. एवढं केलंय मी."

त्याने मोजलं. खुर्ची खिडकीशी नेऊन ठेवली होती. या वेळी आत कुणीच नव्हतं. माइक एकटा उभा होता, आणि बाबा पहिल्यांदाच बाहेर पॅसेजमध्ये, लेकाच्या शेजारी जमिनीवर बसले होते, पाय लांब करून. मी फ्रिज बंद करून ओट्याशी उभी राहिले. सूर खालून वर गेला आणि संपला. लॅपटॉपवर बाबा असतानाची जुनी रेषा लाल रंगात होती, तिच्यावर नवी निळी उमटली. मला लांबूनही दिसलं. डोंगरावर डोंगर, दरीवर दरी. लाल रेषा जवळजवळ झाकली गेली.

नवरा घाईघाईने म्हणाला, "फरक आहे, बाबा. बराच फरक आहे. तुम्ही असताना वेगळंच येतं."

बाबांनी चष्मा लावला. ते पुढे झुकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी ओट्याची कड धरली. त्यांनी ते वाक्य खरं मानलं होतं.

"कुठे?" ते म्हणाले. "मला दाखव ना."

नवऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. निळ्या रेषेच्या सुरुवातीपासून ते हळूहळू पुढे सरकवत नेलं. बाबा त्या बोटाबरोबर मान फिरवत राहिले. बोट कुठेच थांबलं नाही, आणि स्क्रीनच्या कडेशी पोचलं तरी बाबा तिथेच बघत होते.